खुब्यातलं पाणी

माझं तोंड फटकळ आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लपवतही नाही, कारण लपवून उपयोग नसतो. पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला कळतंच. सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथली मुलं माझी चाहूल लागली की न सांगता नळ्या धुऊन ठेवतात. नवरा सैन्यात आहे. सुट्टी संपवून परत निघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख असतं, पण नीट पाहिलं तर थोडी सुटकाही दिसते.

माझे सासरे, म्हणजे आबा, कुंडलला राहतात. तेही सैन्यातूनच हवालदार म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून एकटे असतात. ऊस बघतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा पातळ थापतात. तरुणपणी ते तालमीत राहिलेले, त्यामुळे त्यांना लचक काढता येते. कुणाचं मनगट मुरगळलं, कुणाच्या पाठीत उसण भरली की माणसं सकाळी आबांच्या कट्ट्यावर येऊन बसतात. आबा तेल कोमट करतात, दुखऱ्या जागेभोवती बोटांनी चाचपतात, पाऊसपाण्याच्या गप्पा काढतात आणि मधेच असा एक हिसका देतात की समोरच्याचं वाक्य अर्धंच राहतं. मग तो माणूस उठतो, हात गोल फिरवून बघतो आणि हसत घरी जातो. माझ्या सख्ख्या भावाचा घोटा त्यांनी असाच सरळ केला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मी एकटी शहाणी होते असं मुळीच नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. नाताळची चार दिवस सुट्टी होती म्हणून मी लेकीला घेऊन कुंडलला गेले होते. लेक तेव्हा साडेपाच वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात आली ती लंगडत. विचारलं तर म्हणाली, "गुडघा दुखतोय." मी गुडघा पाहिला. खरचटलं नव्हतं, सूज नव्हती, लाली नव्हती. आबांनी तिला मांडीवर घेतलं, पाय चाचपला आणि निकाल दिला.

"शिरेवर शीर चढलीया. काल दिसभर बांधावरनं उड्या मारत हुती न्हवं? दुसरं काय न्हाई."

मला पटलं. आमच्याकडे पायाचं निम्मं दुखणं शीर चढल्यामुळेच होतं, आणि बांधावरच्या उड्या मीही पाहिल्या होत्या. दिवसभर ती बसून चित्रं काढत राहिली. संध्याकाळी मात्र लंगडणं वाढलं. मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा आबांनी बाहेर तेल कोमट केलं. आधी त्यांनी गुडघा चोळला. लेकीला गुदगुल्या होत होत्या, ती हसल्याचं मला आत ऐकू येत होतं. मग त्यांनी तिचा घोटा धरला, पाय सरळ केला आणि ओढला.

ती किंकाळी मी अजून विसरले नाही. मी पळी हातात घेऊनच बाहेर धावले. लेक पांढरीफटक पडली होती आणि आबा तिच्याकडे आपल्याच हातांवरचा विश्वास उडाल्यासारखे बघत होते. मी काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. शेवटचं तेवढं लिहिते, कारण तेच पुढे मला नडलं. मी म्हणाले, "तुमच्या तालमीतला रेडा नाही ती, माझी लेक आहे! परत तिच्या अंगाला हात लावाल तर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

आबा उठले. तेलाची वाटी आत नेऊन ठेवली, हात धुतले आणि जेवण नको म्हणून सांगितलं. माझा राग तोवर उतरला होता, पण माफी मागायची मला सवय नाही. मी लेकीला दूध पाजून झोपवलं आणि मीही झोपले.

सकाळी ती उठेचना. उठेना म्हणजे जागी होती, पण पाय टेकवायला तयार नव्हती. उजवा पाय गुडघ्यात वाकवून, थोडा बाहेरच्या बाजूला टाकून नुसती पडून राहिली होती. उभी करायला गेले तर माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर कायम असतो. मी आठ वाजता लावून पाहिला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ताप नाही म्हणून थोडा धीर आला, तरी मी ठरवलं की आता सांगली गाठायची. आबांना फक्त एवढंच सांगितलं, "हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय." त्यांनी टोपी घातली आणि गाडी बाहेर काढली.

उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रखडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला लेक माझा दंड घट्ट धरत होती. आबा एवढ्या हळू चालवत होते की मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. सांगलीच्या अलीकडचं माधवनगर आलं तेव्हा तिला डोळा लागला होता.

डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. लहान मुलांच्या हाडांचं बघणाऱ्या. त्यांनी आधी लेकीला हातच लावला नाही. ती कशी पडली आहे ते पाहिलं, शाळेबद्दल विचारलं, मग "कुठे दुखतंय?" म्हणाल्या. लेकीने गुडघा दाखवला. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, काही नाही. मग पाय पलंगावरच ठेवून मांडीवर तळहात ठेवला आणि पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा सगळा पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. लेक कळवळली.

"दुखणं खुब्यात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "खुबा दुखतो आणि मुलं गुडघा दाखवतात. पुष्कळदा होतं असं."

मी आबांकडे वळून पाहिलं. काल अर्धा तास चुकीची जागा चोळत बसला होतात, असं त्या बघण्यात होतं. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले. पडली होती का? नाही. गेल्या पंधरा दिवसांत सर्दी-खोकला? मी नाही म्हणाले. तेवढ्यात लेक पडल्या पडल्या म्हणाली, "माझं नाक गळत होतं की! मी गॅदरिंगमध्ये नाचलेच नाही." ते मी साफ विसरले होते. आठ-दहा दिवसांपूर्वीची सर्दी, तिला कोण आजार म्हणतं!

"ताप?"

"नाही," मी ठामपणे म्हणाले आणि थर्मामीटरचा आकडा दशांशासकट सांगितला.

डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. त्या लिहायला लागल्या. सर्दी होऊन गेल्यावर लहान मुलांच्या खुब्याला कधी कधी अशी तात्पुरती सूज येते, आत थोडं पाणी साठतं, विश्रांती आणि सुजेचं औषध दिलं की आठवड्यात आपलं आपण बसतं, असं त्या सांगत होत्या. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

"डॉक्टर," दारातून आवाज आला. "ताप हुता."

आबा आत आल्यापासून दाराशीच उभे होते. साहेबाच्या खोलीत त्यांना बसता येत नाही. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"पहाटं साडेपाचला पोरगी कण्हत हुती. ही झोपल्याली. म्या कपाळाला हात लावला तर अंग तापल्यालं. मागं ऱ्हायला आली हुती तवाची तापाच्या औषधाची बाटली हुती घरात. टोपणाच्या मापानं पाच मिली पाजलं. आन् काल सांजच्याला पाय बी वडलाय मी. त्ये बी लिवा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. माझ्या डोक्यात काय काय झालं ते सांगता येणार नाही. "मला का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

आबांनी जमिनीकडे पाहिलं. "तुला सांगायचं भ्या वाटलं, पोरी."

हा माणूस बर्फात बंदूक घेऊन उभा राहिलेला. तो मला, एका प्रयोगशाळेतल्या बाईला, घाबरला होता. इतका, की स्वतःच्या नातीचा ताप त्याने सकाळभर पोटात ठेवला. लिहिलेला कागद बाजूला सारून डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आबासुद्धा बसले.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. खुब्यात पाणी होतं ते दोन प्रकारचं असू शकतं. एक हे तात्पुरत्या सुजेचं, ते निरुपद्रवी असतं. दुसरं म्हणजे पू. पू असला तर तो सांध्याची कूर्चा खाऊन टाकतो, तासातासाने नुकसान वाढतं आणि त्याच दिवशी ऑपरेशन करून तो धुऊन काढावा लागतो. उशीर झाला तर मूल जन्माचं लंगडं होऊ शकतं. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. मूल लंगडतं, पाय टेकत नाही, हलवला की रडतं. वेगळं ओळखायचं ते तापावरून, रक्तावरून आणि मूल पायावर भार देतं का त्यावरून. हिने पाय टेकलेला नव्हता. आणि ताप औषधाखाली झाकला गेला होता.

"आजोबा," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसता तर मी यांना गोळ्या-औषधं देऊन घरी पाठवलं असतं. बरं झालं सांगितलंत."

रक्त काढलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी झाली. एक्स-रेत हाड ठीक होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला खुब्यापुढची एक काळी पट्टी दाखवली. ते पाणी. कसलं पाणी ते पडद्यावर कळत नाही म्हणाल्या. आता संध्याकाळपर्यंत तिला तापाचं कुठलंच औषध द्यायचं नाही, दर तासाला ताप बघायचा. चढायला लागला, शंभरच्या वर गेला, तर भूल देऊन सुईने ते पाणी काढून बघायचं आणि पू निघाला तर तिथूनच ऑपरेशनला न्यायचं.

सहीसाठी एक कागद तयार ठेवला होता. मी तो वाचला नाही, वाचता येत नव्हता.

वॉर्डात एक पलंग मिळाला. लेक पडून राहिली, मी तिच्या उशाशी आणि आबा बाहेरच्या बाकावर. नवऱ्याचा फोन लागला तेव्हा मी त्याला सगळं भडाभडा सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा कुठं आहेत?" मी म्हणाले, बाहेर. "एकटेच?" त्याने विचारलं. मला त्या प्रश्नाचा राग आला आणि राग आला म्हणजे तो बरोबर होता.

बारा वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. एकला नव्व्याण्णव. आबा दर तासाला दारात येऊन उभे राहायचे, मी आकडा सांगायचे, ते वर्तमानपत्राच्या कडेला तो लिहून परत बाकावर जायचे. दोनला नव्व्याण्णव पॉइंट चार. मी मनातल्या मनात कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते आठवत नाही. एकच आठवतं. मी देवाला म्हटलं, तिचा पाय राहू दे, मी माझं तोंड आवरीन. देवाने हा सौदा हसण्यावारी नेला असणार.

तीनच्या सुमाराला रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर स्वतः आल्या. पांढऱ्या पेशी ठीक होत्या, सूज दाखवणारी तपासणीही फारशी वाढलेली नव्हती. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "पण मी संध्याकाळ बघणार." तीनला ताप नव्व्याण्णव पॉइंट सहा. चार वाजता मला थर्मामीटरकडे बघवेना. मी तो तसाच आबांकडे दिला. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. ते लांब धरून, जवळ धरून, उजेडाकडे वळून बघत राहिले आणि शेवटी हताश होऊन म्हणाले, "पोरी, तूच बघ. जे असंल ते दोघं मिळून ऐकू."

मी पाहिलं. नव्व्याण्णव.

आबा मटकन पलंगाच्या कडेवर बसले. मी बाहेर जाऊन दोन चहा आणले, एक त्यांना दिला. "घ्या," एवढंच म्हणाले. कालच्या बोलण्याबद्दल, सकाळच्या नजरेबद्दल, कशाबद्दलच मला बोलता आलं नाही. त्यांनी चहा घेतला.

पाचला ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा होता आणि लेक भडंग मागत होती. समोरच्या दुकानातून पुडा आणला. ती खात बसली. थोड्या वेळाने तिला शू आली. मी उचलून घ्यायला वाकले तर ती "नको" म्हणाली, पलंगावरून सरकत खाली आली आणि आजोबांचं बोट धरून उभी राहिली. मग उजवा पाय टेकवला. कचरत, तोंड वाकडं करत, पण टेकवला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. डॉक्टर तेव्हाच वॉर्डात शिरत होत्या. त्या जागीच थांबल्या.

"हेच मला बघायचं होतं," त्या म्हणाल्या. तो सहीचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

त्यांनी सुजेचं औषध आणि आठवडाभर सक्त विश्रांती सांगितली. उड्या नाहीत, चोळणं नाही, ओढणं नाही. ताप आला किंवा पाय टेकेनासा झाला तर फोन न करता थेट यायचं. काही मुलांना हे पुन्हा होतं, तेव्हा घाबरू नका पण घरी बसूही नका, असंही म्हणाल्या. रात्रीपुरतं तिला तिथेच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही विश्रामबागेच्या घरी गेलो. आबाही आले, आठवडाभर राहिले. उडी मारणाऱ्या मुलीवर पहारा करणं ही त्यांच्या सगळ्या नोकरीतली सर्वांत अवघड ड्यूटी होती असं ते अजून सांगतात. आठव्या दिवशी डॉक्टरांनी बेडकासारखे पाय दुमडायला लावले, फिरवून पाहिले, आणि लेक दवाखान्याच्या पायऱ्या दोन्ही पायांनी उतरली.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी कागद बाजूला सारला, बसवून समजावलं, सुई टोचायची घाई केली नाही आणि घरी पाठवायचीही नाही. रक्त काढणारी ती मुलगी, जिने लेकीला एकदाच टोचलं, तिचेही. पण त्या खोलीत, माझ्यासमोर, स्वतःची चूक उभ्याने सांगायला जे लागतं ते माझ्यात नाही. मी नळी फुटली तरी आधी दुसऱ्याकडे बघते. माझ्या लेकीचा पाय एका म्हाताऱ्याच्या खरं बोलण्यावर टिकला असता किंवा गेला असता. पू नव्हता हे आमचं नशीब, पण ते आम्हाला आधी कुठे माहीत होतं? हे सगळं मी आबांना सांगायला हवं होतं. चार महिने सांगितलं नाही.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. लेक कुंडलला आजोबांकडे होती आणि मी कॉलेजात. एका सकाळी प्रात्यक्षिक सुरू व्हायच्या आधी फोन वाजला. आबा कधी सकाळचा फोन करत नाहीत.

"पोरी, ऐक," आवाज अगदी सरळ, वरिष्ठांना खबर द्यावी तसा. "पोरगी आत्ताच उठली. उजवा पाय टेकवंना. पाच मिनटं झाली. ताप मापला, दोनदा मापला, न्हाई. औषध कायबी दिल्यालं न्हाई. पायाला हात लावल्याला न्हाई. पंधरा दिसामागं जरा खोकला हुता. मी गाडी काढतोय, तू दवाखान्यात थेट ये."

मी हातातली नळी खाली ठेवली. पलीकडे आबा थांबले होते. एवढं सगळं सांगून झाल्यावर आता मी काय बोलते, याची वाट बघत होते.

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही तिच्याजवळ आहात ना, मग मला काळजी नाही."

पलीकडून लेकीचा आवाज आला, "आई, आबा रडतायत," आणि मागून आबा तिला म्हणत होते, "गप गं, फोन दे हिकडं, निघायचंय."